सारेच्या नावचं पत्र

आमच्या चर्चमध्ये नववर्षाच्या सकाळी उपासना संपली की चिठ्ठ्यांचं ताट फिरतं. बायबलमधलं जे वचन ज्याच्या हाती येईल, ते त्याचं वर्षभराचं. यंदा बहात्तर वर्षांच्या रूथमावशींनी चिठ्ठी उचलली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं की पुढच्या वर्षी याच सुमारास तुला मुलगा होईल.

सगळे हसले, मावशी सर्वांत जास्त. पाळकसाहेब ओशाळले. "मावशी, हे देवानं अब्राहामाच्या म्हाताऱ्या बायकोला, सारेला दिलेलं वचन. चुकून ताटात आलं. दुसरी घ्या."

मला माझी गेल्या वर्षीची चिठ्ठी आठवली. जिथे पाऊल ठेवशील ती जमीन तुझी, असं तिच्यावर होतं. वचन देवानं इस्राएलांच्या सेनापतीला, यहोशवाला दिलेलं, पण शेजाऱ्याशी माझा कुंपणाचा वाद चालू होता. मी ते खुशाल स्वतःचं धरलं आणि महिनाभर रोज सकाळी त्याच्या हद्दीत फेरी मारली. मला कुणी हसलं नाही, कारण माझं वय आड येत नव्हतं.

मावशींनी दुसरी चिठ्ठी घेतली, पण पहिली परत दिली नाही. त्यांचे यजमान पोस्टमन होते. "पत्र सारेचंच आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "पण पाठवणाऱ्याचं अक्षर माझ्या ओळखीचं आहे. तो शब्द पाळतो, एवढं त्यातून कळलं. माझ्या वाटचं तेवढंच."

संध्याकाळी नाताळच्या उरलेल्या करंज्या घेऊन मी शेजाऱ्याकडे गेलो. या वेळी फाटकातून.