सेलूजवळच्या पुलाच्या बल्ल्या

"साहेब, पुलाले पाय फुटून राह्यले," बकाराम मिस्त्री म्हणाला.

तो चेष्टा करत होता, पण खोटं बोलत नव्हता. आदल्या दिवशी मी पुलाखाली आणखी सहा बल्ल्या लावून घेतल्या होत्या. खरं तर आधीच्याच बल्ल्या काढायची वेळ झाली होती.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, वय चोवीस. सेलूपासून तीन मैलांवर, एका नाल्यावर काँक्रीटचा छोटा पूल बांधायचं काम माझ्याकडे होतं. मी स्वतंत्रपणे सांभाळलेलं ते पहिलंच काम.

काँक्रीट ओतताना त्याला खालून आधार लागतो. लाकडी बल्ल्या उभ्या करायच्या, त्यांच्यावर फळ्या टाकायच्या आणि वर काँक्रीट ओतायचं. या सगळ्या लाकूडकामाला सेंटरिंग म्हणतात. प्रत्येक बल्लीच्या बुडाशी लाकडाची पाचर ठोकलेली असते. चार आठवडे स्लॅबवर पाणी मारायचं, मग पाचरी सैल करून बल्ल्या काढायच्या. त्या क्षणी स्लॅब पहिल्यांदा स्वतःचं वजन स्वतः पेलतो.

आमचा स्लॅब ओतताना मिक्सर तासभर बंद पडला होता. ओतणं मध्येच थांबलं. असं झालं की जुन्या-नव्या काँक्रीटच्या मध्ये कच्चा जोड राहायची भीती असते. मी नियमाप्रमाणे कडा खरवडून घेतल्या, सिमेंटचं पाणी मारलं आणि काम पुढे नेलं. आमचे सब-डिव्हिजनल ऑफिसर बापटसाहेब येऊन पाहून गेले. त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे तपासायला नागपूरला गेले, रिपोर्ट उत्तम आला.

पण माझ्या मनाने तो रिपोर्ट मंजूर केला नाही. ठोकळे नेमके चांगल्या घमेल्यातल्या काँक्रीटचे भरले गेले असतील तर? पाचरी काढायला चार माणसं स्लॅबखाली जाणार, त्यांच्या डोक्यावर तो आला तर? चार आठवड्यांचे सहा झाले. मी रोज सायकलवर जायचो, हातोडीने स्लॅब ठोकून आवाज ऐकायचो आणि बल्ल्या काढायचा दिवस पुढे ढकलायचो.

शेवटी शनिवारी बापटसाहेब जीपमधून आले. वाकून पुलाखाली पाहिलं.

"साळवे, हा पूल गाड्यांसाठी बांधलाय की बल्ल्यांसाठी?"

"साहेब, तो जोड..."

"जोड मी पाहिलाय. रिपोर्ट वाचलाय. तुम्हाला नवीन काही दिसलंय? भेग? ओल?"

"नाही, साहेब."

"मग सोमवारी सकाळी सेंटरिंग काढा. पुढच्या पुलाला बल्ल्या हव्यात."

जीप गेल्यावर मिस्त्री जवळ आला. पन्नाशीचा माणूस, अल्लीपूरचा. "साहेब, पुढल्या आठवड्यात माह्या पोरीचं लगन हाये. मी कवाच गेलो असतो. पण स्लॅब मी टाकला, तं मोकळाबी मीच करीन. आता नाई म्हणू नका."

मी मान हलवली आणि घरी आलो. जेवण गेलं नाही. तसं ते पंधरा दिवसांपासून जातच नव्हतं.

आमचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. रविवारी सकाळी मी आणि माझी पत्नी रूथ घरी प्रार्थनेला बसायचो. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या रविवारी मी डोळे मिटून सुरुवात केली. प्रभू, उत्तरेकडचा जोड सांभाळ. मधल्या सळया सांभाळ. सात नंबरच्या बल्लीखालची माती भुसभुशीत आहे, तिच्याकडे लक्ष असू दे. ठोकळ्यांचा रिपोर्ट खरा असू दे...

शेजारून खुदकन हसण्याचा आवाज आला. मी डोळे उघडले.

"प्रार्थनेत हसतेस?"

"काय करू? तुम्ही प्रभूला कामं वाटून देताय. तो काय तुमच्या हाताखालचा मुकादम आहे?"

मला राग आला. "चार माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, रूथ."

तिचं हसू थांबलं. "मग एक विचारते. त्या पुलाचं तुमच्याकडून काही करायचं राहिलंय का?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. सगळं मोजलं होतं, तपासलं होतं, वरिष्ठांना दाखवलं होतं. "नाही," मी म्हणालो.

"तुमचा प्रभू येशूवर विश्वास आहे ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग त्याच्या हातात देऊन टाका की. तुम्ही रोज देता आणि आमेन म्हटल्याबरोबर परत घेऊन सायकलवर निघता."

ते अगदी तसंच होतं. लहानपणापासून मी प्रार्थना करत आलो होतो, पण एखादी गोष्ट देवाच्या हाती देऊन स्वतःचा हात मागे घेतलाय, असं कधी झालं नव्हतं.

मी पुन्हा डोळे मिटले. मग म्हणालो, "प्रभू, मला येत होतं ते मी केलं. पूल तुझा, माणसं तुझी, मी तुझा. उद्याचा दिवस तुझ्या हाती देतो, आणि परत मागणार नाही." रूथने माझ्या पाठीवर हात ठेवला.

चमत्कार काही झाला नाही. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि सणकून भूक लागली. मी चार भाकरी आणि पातेलंभर वरण संपवलं. दुपारी असा झोपलो की रूथला दोनदा हलवून उठवावं लागलं.

सोमवारी सकाळी स्लॅबच्या मध्यावर खालून एक पट्टी लटकवली. तिच्या शेजारी नाल्याच्या तळात खुंटी रोवली. दोन्हींवर पेन्सिलची एका पातळीत रेघ. स्लॅब खाली आला तर पट्टीची रेघ उतरणार. मग मी खुंटीजवळ जाऊन उभा राहिलो.

"साहेब, तुमी काऊन खाली आले? वर उभे राहा," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही खाली आणि मी वर, असं नाही चालायचं. मधून सुरू करा."

पाचरी नेहमी मधून काठाकडे सैल करत जायचं, तेही थोडं थोडं. टक, टक असे हातोडीचे हलके ठोके सुरू झाले. पहिली रांग मोकळी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या रांगेला डोक्यावर कडाड् असा आवाज झाला. दोन मजूर धूम पळाले. माझे पाय जागचे हलले नाहीत. मी रेघेकडे पाहिलं. पट्टी एक सूत उतरली होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढं तर उतरणारच होतं. पुढे ती हलली नाही. आवाज एका फळीचा होता. दाब सुटल्यावर ती काँक्रीटपासून उचकटून निघाली होती.

"या रे, फळी होती!" मिस्त्री ओरडला. पळालेले दोघं हसत परत आले.

अकरा वाजेपर्यंत शेवटची बल्ली निघाली. स्लॅब आपल्या जागी निवांत. बापटसाहेबांनी तो वरून पाहिला, खालून पाहिला आणि जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्याकडून एवढं मिळणं पुष्कळ होतं.

बांधावर बसून आम्ही चहा घेतला. मिस्त्री बराच वेळ माझ्याकडे पाहत होता.

"साहेब, शनवारी तुमचं तोंड उतरलं होतं. आज तं तुमी आरामात उभे होते. काय केलं?"

"प्रार्थना केली. सगळं प्रभूच्या हाती सोपवलं."

"बस? इतकंच?"

"इतकंच."

त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला. "मंग इतक्याले पंधरा दिवस कायले लावले?"

पुढे तीस वर्षांत मी लहानमोठे बरेच पूल बांधले. तपासणीत कधी कसूर केली नाही. पण त्या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.