आक्काला कुणी विचारलंच नाही

मालवणच्या बंदरात आगबोट खोल पाण्यात उभी होती आणि तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावात चढायचं सोडून माझी थोरली बहीण, आक्का, पाय धूत होती. धुवायचे, वाळू लागली की पुन्हा धुवायचे. पडाववाला शेवटी ओरडला, "गो बाय, आख्खो दर्यो संपयतलंस काय?" सगळे हसले. आई पदरात तोंड लपवून उभी राहिली. महाराष्ट्र अजून व्हायचा होता. मी मुंबईत नुकताच कारकून झालो होतो आणि सासरच्यांनी आमच्या गावी, आचऱ्याला, परत धाडलेल्या आक्काला सोबत नेत होतो.

आचऱ्यात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बोटीत बसून निघालेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. राग अजून गेलेला नाही. लहानपणी हीच आक्का गावात मिरवायची गोष्ट होती. "आमच्या आक्काचां सोवळां बघा, मगे बोला," असं आई शेजारणींना ऐकवायची. देवळातला नैवेद्य तिच्याच हातचा. हातांची सालं निघाली, तरी कौतुकच! सासरी तेच धुणं खटकलं, आणि सोवळ्याची झाली बाधा. बाबांनी देवळात कौल लावला. देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची आधी पडली तर बाधा. पडली. "देवान सांगल्यान, आता आणि काय व्हया?" बाबा म्हणाले. देवाला विचारलं, भुतंखेतं उतरवणाऱ्या घाड्याला विचारलं. जिचे हात सोलत होते, तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

मुंबईचे डॉक्टर तरी शहाणे असतील म्हणावं, तर पहिल्या डॉक्टरनं आक्काकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडूनच चार गोष्टी ऐकल्या, 'स्किझोफ्रेनिया' म्हणाला आणि वेड्यांच्या इस्पितळात ठेवायला सांगितलं. इंग्रजी बोलणारा घाडीच तो! आक्का जिन्यावर माझी बाही सोडेना. आत गेलेली बाई परत येत नाही, हे तिला न सांगता कळत होतं.

दुसरीकडे एक डॉक्टरीणबाई भेटल्या. मी बोलायला लागलो, तर त्यांनी मला गप्प बसवलं आणि तिलाच विचारलं, "हे विचार तुमच्या डोक्यात दुसरं कुणी घालतं का?"

"नाय. माझेच आसत."

"हात स्वच्छ झाले, हे पटतं?"

"पटता. तरी मन ऐकना नाय."

"गावात इतर बायकाही सोवळं पाळतात ना?"

"तेंचां आंघोळ केल्यार संपता. माझां संपनाच नाय," म्हणाली आणि आक्का ढसाढसा रडली.

बाई म्हणाल्या, हा ऑब्सेशनल न्यूरोसिस, हिला वेडाच्या खणात टाकू नका. वेड लागलेल्याला आपला भ्रम खरा वाटतो. हिला तो खोटा आहे हे कळतं, ती त्याच्याशी झगडते आणि हरते. पूर्ण बरं होण्याचं वचन काही त्यांनी दिलं नाही, पण इस्पितळ टळलं. तीन साधे प्रश्न! त्यांच्यासाठी तिची अर्धी उमर गेली.

पुढं काही वर्षांनी एका गाववाल्याबरोबर बाबांचा निरोप आला. देवानं कौल दिलाय, बाधा उतरली, आक्काला घरी धाड. माझं डोकंच फिरलं. पुन्हा देवालाच विचारलं! आचऱ्याच्या आठवणीनं माझाही जीव कासावीस होतो, पण त्या दिवशी झाला नाही.

आक्का मोरीत हात धूत होती. मी विचारलं, "घराक जातलंस काय गो?"

"घराकच आसंय मा मी," ती मान वर न करता म्हणाली. "बाबांका सांग, इचारूचा आसात तर हंयसर येवन माका इचारा."