तोंड मिटून धापतंय तवर

बिरूमामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वाशी तालुक्यातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात एका म्हशीला सलाईन लावत होते. "ताई, आमचं माणूस गेलं वो... माळावरच," एवढंच त्यांच्या बायकोला, गवळाबाईंना बोलता आलं. माझा विश्वासच बसेना. दुपारीच तर मामा माझ्याशी बोलले होते! तीन आठवडे झाले, पण ते बोलणं काही केल्या कानातून जात नाही.

आमची ओळख झाली तीच भांडणातून. मी नवी डॉक्टर, अंगात पुस्तकी रग. भर उन्हात त्यांची काळी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी खुपसून घोळक्यानं उभी दिसली. "मामा, गुदमरतील ती, पांगवा!" मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, झाडं लांब हायत. मंग ती एकमेकाचीच सावली करत्यात. पांगवली तर डोस्की तापत्याल." मी वरमले, आणि त्यानंतर शिकतच गेले. लोकर ते उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी कातरत, म्हणजे चैत्रापर्यंत ती बोटभर परत वाढे. ऊन त्या लोकरीतच अडकतं, कातडीपर्यंत पोचत नाही, म्हणायचे. स्वतःही वैशाखात घोंगडी डोक्यावर घेऊन हिंडत. "थंडी वाजतेय का मामा?" मी चिडवायचे. "व्हय, लई!" म्हणून ते हसायचे. धापणाऱ्या मेंढीच्या बरगडीवर हात ठेवून त्यांनी मला एक खूण शिकवली होती. "तोंड मिटून धापतंय तवर भ्यायचं न्हाय. तोंड उघडलं की समजायचं, आता त्याच्यानं निभत न्हाय."

दोन वर्षांपूर्वी मीच मागे लागून त्यांना परमुलखातला एक जाडजूड पांढरा मेंढा घ्यायला लावला. कोकरं वजनदार होतील, हा माझा हट्ट. "ह्याला आपलं ऊन सोसंल का?" त्यांनी विचारलं होतं. "मी आहे ना," मी म्हणाले होते. मी आहे ना... केवढा तो तोरा!

त्या दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, तुमचा मेंढा बसलाय. उठंना. तोंड उघडलंय त्यानं."

"आणि बाकीची?"

"ती बरी हायत. मुंडकी घालून उभी हायत."

"मग त्याला हलवू नका. अंगावर पाणी मारा, सावली धरा. ऊन उतरेपर्यंत त्याला सोडून जाऊ नका."

"बरं," मामा म्हणाले. त्या 'बरं'च्या आधी आणि नंतरही फोनमध्ये मोठमोठ्यानं श्वास येत होता. तो मेंढ्याचा वाटला, असं लिहून मला सुटता येईल. पण खोटं कशाला बोलू? मी तो ऐकूनही न ऐकल्यासारखा केला, कारण समोर म्हैस होती आणि मला फोन ठेवायचा होता. ज्या माणसानं मला उघड्या तोंडाची धाप ओळखायला शिकवली, त्याची स्वतःची धाप मी कानाआड केली. मामा, तुम्ही कुठं उभे आहात... एवढं विचारायला काय लागत होतं?

लोक पोचले तेव्हा दोन काठ्यांवर घोंगडी ताणलेली होती. खाली मेंढा, शेजारी पाण्याची रिकामी बाटली. मामा उघड्या डोक्यानं बाहेर उन्हात पडले होते. हिवराचं झाड हाकेच्या अंतरावर होतं. पण मी सोडून जाऊ नका म्हणाले होते ना.

परवा धीर करून त्यांच्या घरी गेले. अंगणात चार खांबांवर तीच घोंगडी बांधलेली, आणि तिच्या सावलीत तो मेंढा. "मी घेऊन जाऊ का ह्याला?" मी खाली मान घालूनच विचारलं. "नको," गवळाबाई म्हणाल्या, "त्येंनी वाचवलाय त्याला." मी बाहेरूनच वाकून त्याच्या बरगडीवर हात ठेवला. धापत होता... तोंड मिटून. मग मात्र मला धीर धरवला नाही. तिथंच मातीत बसले आणि हमसून हमसून रडले. गवळाबाई जवळ आल्या, माझ्या दंडाला धरलं.

"ताई, आदी तुमी सावलीत या."