तिच्या भरवशावर केलेलं ऑपरेशन

ऑपरेशन करून टाक, असं मला डॉक्टरांच्या आधी माझ्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. आम्ही दोघी जळगावच्या एकाच शाळेत शिकवायचो. ती गणित, मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. तिच्या कमरेचं ऑपरेशन आधीच धुळ्याला झालं होतं, आणि नंतर ती पहिल्यासारखी जिने चढायला लागली होती. माझा डावा पाय मात्र कमरेपासून अंगठ्यापर्यंत पेटल्यासारखा दुखायचा. फळ्यावर लिहिताना मी दुसऱ्या हातानं टेबल धरून ठेवायचे.

"किती दिवस असं कण्हत काढणार आहेस?" ती म्हणायची. "माझ्याकडे बघ ना." आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाकून पायाच्या अंगठ्यांना हात लावून दाखवायची.

माझे मिस्टर शिरपूरला सूतगिरणीत. रविवारचे घरी यायचे. त्यांना ऑपरेशनची धास्ती वाटत होती. पण मी तिच्याकडे बघून ठरवलं. त्याच डॉक्टरांकडे, धुळ्यालाच.

शुद्धीवर आले तेव्हा पायातली आग गेलेली होती. इतक्या दिवसांची आग अशी एकदम विझल्यावर मला रडूच कोसळलं. मिस्टरांना वाटलं, दुखतंय. मी मान हलवून नाही म्हटलं. माझ्या आयुष्यातली ती एक सकाळ फार चांगली गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. "डावं पाऊल वर उचला," म्हणाले. मी उचललं. ते तसेच बघत राहिले. "उचला," पुन्हा म्हणाले. तेव्हा मी मान वळवून खाली पाहिलं. पाऊल चादरीवर आडवं पडून होतं. मी सांगत होते आणि ते ऐकत नव्हतं. मैत्रीण पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं.

"नस बरेच दिवस दबलेली होती," डॉक्टर म्हणाले. "वेळ लागेल."

"किती?"

"ते सांगता येत नाही. कधी पूर्ण येतं, कधी नाही."

ते गेल्यावर ती माझ्या उशाशी येऊन बसली. "माझाही पाय असाच बधिर झाला होता," म्हणाली. "येतो परत. घाबरू नकोस." त्या एका वाक्यावर मी धुळ्याचे सगळे दिवस काढले. गाडीत आडवं घालून मला जळगावला आणलं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, प्रत्येक गतिरोधकाला मी दात आवळून धरत होते, आणि मनात तेच वाक्य घोळवत होते.

जळगावातल्या पिंप्राळ्यात आमचं घर तळमजल्यावर आहे, ते एक बरं. समोरच्या घरातल्या भाभी, ज्यांच्या घरचा बांगड्यांचा धंदा आहे, त्या पहिल्याच दिवशी आल्या आणि बादली भरून घेतली. मला कुशीवर वळायचं तर ओंडक्यासारखं वळावं लागे. वाकणं बंद, बसणं बंद. परक्या बाईसमोर अंगावरचे कपडे काढायचे म्हणून मी नको नको म्हणत होते.

"टीचर, शरम कशाची?" त्या म्हणाल्या. "पोरं धुतली, सासू धुतली. आता तुम्ही." ओल्या टॉवेलनं त्यांनी माझी पाठ टाक्यांच्या कडेकडेनं पुसली. नंतर रोज पुसली. त्यांनी मला कधी धीर दिला नाही. त्यांना तशी भाषाच येत नसावी. त्या फक्त यायच्या.

धीर द्यायचं काम मैत्रिणीचं होतं. शाळा सुटली की ती थेट माझ्याकडे यायची. उन्हाळा तापायला लागला होता. कूलर गरम हवाच फेकायचा. कमरेच्या पट्ट्याखाली घामोळं उठलं होतं. ती माझं पाऊल मांडीवर घ्यायची, बोटं एकेक करून वर-खाली करायची आणि मला प्रयत्न करायला लावायची. एकदा ती ओरडलीच, "हलला! अंगठा हलला!"

हलला नव्हता. मला माझ्या शरीराचं तेवढं कळत होतं. मी म्हणाले, "तुझ्याच हातानं हलला असेल." ती हसली. पण तिच्या कपाळावर घाम होता, आणि उठताना तिनं पलंगाची कड धरली. तेव्हा मला वाटलं, उन्हानं दमली असेल.

त्यानंतर तिचं येणं कमी झालं. आधी पेपर तपासायचे होते. मग पाहुणे आले. मग फोनही आखूड झाले. "कशी आहेस? चालतेस ना? छान, चालत राहा." एवढंच. मिस्टर म्हणाले, "तिला तोंड दाखवायला लाज वाटत असेल. तिनंच नेलं ना तिथं." मी त्यांना गप्प बसवलं, पण मलाही आतून तसंच वाटत होतं. संध्याकाळी फाटक वाजलं की मी मान उचलून बघायचे. भाभी असायच्या, नाहीतर दूधवाला.

पावसाळ्यापर्यंत मी वॉकर सोडून काठीवर आले. पावलाला आधार द्यायला प्लास्टिकचा साचा मिळाला, तो बुटात घालायचा. घरात साचा नसला की पाय फरशीवर घासत जायचा. कितीदा चप्पल मागे राहायची आणि मला पत्ताच नसायचा. चार पावलं पुढे गेल्यावर भाभी मागून हाक मारायच्या, "टीचर, चप्पल!" त्या हसायच्या नाहीत. उचलून आणून पायात घालायच्या.

एका दुपारी मी रिक्षा बोलावली आणि कुणाला न सांगता मैत्रिणीकडे गेले. तिच्या दारात दोन पायऱ्या आहेत. त्या मी कठडा धरून चढले. वर पोचले तेव्हा मला धाप लागली होती आणि रागही आला होता. रागाच्या जोरावरच चढले असेन.

दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. शिरपूरकडच्या, अजून गावाकडचंच बोलतात.

"ती घरमा शे," त्या म्हणाल्या. "बठ्ठा दिन पडेल ऱ्हास."

दिवसभर पडून असते म्हणजे काय, ते मला आधी कळलंच नाही. आत गेले. ती जमिनीवर चटईवर आडवी होती, गुडघ्यांखाली उशी, कमरेला पट्टा. माझ्याच पट्ट्यासारखा. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात थांबली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. दुसऱ्या बाजूनं सुरू झालं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार होते? तुला तिथं मी नेलं. तू माझ्याकडे बघून उठायला बघत होतीस. मीच पडलेली दिसले असते तर तू उठली असतीस का?"

मी पलंगाच्या कडेवर बसले. काठी हातातच होती. दवाखान्यापासून मनात अडकलेलं मी तेव्हा विचारलं. "तुझा पाय खरंच बधिर झाला होता का गं?"

तिनं छताकडे नजर वळवली. "नाही," म्हणाली.

मला ओरडावंसं वाटलं. सासूबाई चहा ठेवून गेल्या. तिला आडव्यानं पिता येईना, म्हणून शेवटी मीच तिच्या मानेखाली हात घालून कप तोंडाला लावला. तेवढं करतानाही माझा राग गेला नव्हता, हे मला स्पष्ट आठवतं.

चहा संपल्यावर ती म्हणाली, "व्यायाम करतेस?"

"करते."

"कसे करतेस, दाखव."

मी काठी टेकत, पलंगाला धरत खाली उतरले आणि तिच्या शेजारी चटईवर पडले. आम्ही दोघींनी गुडघे वाकवले, कंबर उचलली, खाली ठेवली. ती कण्हत होती, मी मोजत होते. झाल्यावर आम्हाला दोघींना उठता येईना. सासूबाईंना बोलवावं लागलं. त्यांनी आधी मला ओढून उभं केलं, मग तिला, आणि अहिराणीत दोघींना शिव्या घातल्या.

मग मी एक दिवसाआड जात राहिले. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तिला दुसऱ्या ऑपरेशनचं सांगितलं. ती मला म्हणाली, "तू काहीच बोलत नाहीस. होईल बरं, एवढं तरी म्हण."

मला म्हणता आलं नाही. "मी येते धुळ्याला," एवढंच म्हणाले.

आणि गेले. ती आत असताना मला त्या लोखंडी खुर्चीवर फार वेळ बसवेना, म्हणून भिंतीला धरून उभी राहिले. समोर तिच्या सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

दुसऱ्या ऑपरेशननं तिचं दुखणं निम्मं गेलं, निम्मं राहिलं. तिनं नोकरी सोडली. मी शाळेत परत गेले, तळमजल्यावरच्या वर्गावर. माझं पाऊल आलं नाही, आता यायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलंय. मी वर्गाकडे निघाले की मुलं आतून पावलांच्या आवाजावरूनच ओळखतात आणि गप्प होतात. एकदा दोन मुली व्हरांड्यात माझ्यासारखं पाय ओढत चालून दाखवत होत्या. मला बघून त्यांचे चेहरे पांढरे पडले. मी तशीच पुढे वर्गात गेले. संध्याकाळी मैत्रिणीला सांगितलं. ती हसली नाही, समजावलंही नाही. "फार लागलं का?" विचारलं. मी हो म्हटलं.