बाबांच्या चालीतला वरचा स्वर

दिग्रसच्या स्टँडवर पुण्याची एसटी सुटायच्या बेतात होती तेव्हा बाबांनी व्हायोलिनची पेटी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "तिथं शिकवतीन ते सारं शिकजो, पोरी. माह्यासारखी अर्धवट राहू नोको." मला त्यांचा रागच आला. ते मला कधीच अर्धवट वाटले नव्हते.

बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला आणि भीमगीतांच्या गायन पार्टीत व्हायोलिनवर. गायक दम घ्यायला थांबला की त्याचा शेवटचा स्वर व्हायोलिननं धरून ठेवायचा, त्यानं पुढची ओळ उचलेपर्यंत सोडायचा नाही. मी हेच शिकून पुण्यात एका वाद्यवृंदात शिकाऊ म्हणून आले. पहिल्याच तालमीत वाद्यवृंद चालवणाऱ्या सरांनी थांबायची खूण म्हणून मूठ मिटली, सगळे थांबले आणि माझा स्वर एकटाच चालू. कुणीतरी उचलेल म्हणून मी वाट बघत होते! हॉल खो खो हसला.

मग मेट्रोनोमच्या ठोक्यावर स्केल्स, उभं राहून वाजवणं. खोटं कशाला बोलू, तुम्ही गावाकडचे असा की माझ्यासारखे निघून आलेले, हे शिकणं मला हवंच होतं. माझे वरचे स्वर उतरायचे, ते जागेवर आले. पण सरांना माझी मींड खुपायची. बोट न उचलता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं त्यांना आळस वाटायचं. "आधी सफाई, भावना नंतर," म्हणायचे. त्यांचं ते 'नंतर' काही उगवलं नाही.

वाद्यवृंदातल्या कायमच्या जागेसाठी चाचणी झाली त्या दिवशी नेमून दिलेला तुकडा मी बिनचूक वाजवला. पुढे स्वतःच्या आवडीचं वाजवायचं होतं. मी सरळ जमिनीवर मांडी घातली आणि बाबांनी बांधलेली एक चाल घेतली, सगळ्या मींडांसकट.

"गावठी वाटतंय," सर म्हणाले. "पुन्हा वाजव. स्वच्छ."

वाजवली. एकही बोट घसरलं नाही.

"बघ, येतं की तुला!"

"येतं ना, सर. म्हणूनच सांगते, पहिली बरोबर होती." आणि तिसऱ्यांदा पहिल्यासारखीच वाजवली. जागा हातची गेली. वाईट वाटलं, पण पश्चात्ताप तेव्हाही नव्हता.

संध्याकाळी फोन करून बाबांना सांगितलं.

"काहून नाही घेतलं तुले?"

"तुमची चाल वाजवली."

मग म्हणाले, "त्यातला वरचा सूर लागला काय?"

"लागला."

"मले कधीच नाही लागला तो," ते म्हणाले आणि खुशीत हसले.

मी पुण्यातच राहिले. स्टुडिओत वाजवते, मुलांना शिकवते. घर कुठलं विचारलं तर दिग्रस सांगते, पण खरं घर मला त्या चालीत सापडतं. बाबांची मींड तिथं आहे आणि त्यांना न लागलेला स्वरही. त्यातलं काहीएक मी कुणाच्या सांगण्यावरून काढणार नाही.