दोघांची दोन पथ्यं

सत्तरच्या दशकात मी मेडशीहून एसटीने वाशिमला शाळेत शिकवायला जात असे. हिवाळ्यात तुरीच्या शेतांवर धुकं असायचं आणि अर्धी बस पेंगत असायची. दर बुधवारी माझ्या शेजारच्या बाकावर एक जाडजूड शेतकरी आणि त्यांची तेवढीच जाड बायको बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

दोघांचेही गुडघे दुखत, म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. शेतकरीदादांना दूध, दही, तूप, अंडी, मटण सगळं बंद. बाईंना मात्र भाज्यांबरोबर दही, तळ्यातले मासे आणि थोडं करडीचं तेल चालायचं. कोणतं पथ्य जास्त लागू पडतं, ते डॉक्टरांना पाहायचं होतं.

तीन महिन्यांत त्यांचा सदरा ढगळ झाला. मी म्हटलं, "तुम्ही जिंकलात की!"

धुक्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "वजन माहं जास्त उतरलं, गुरुजी. पण पोरं अलग झाल्यापासून आमी एकाच ताटात जेवत होतो. आता तिचं ताट अलग, माहं अलग. घासच गोड लागत नाई."

बाई ऐकत होत्या. पुढच्या बुधवारी त्यांनी मांडीवर न्याहारीचा एकच डबा उघडला. त्यात भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी होती.

"आणि तुमचं दही?" मी विचारलं.

"सोडलं," त्या म्हणाल्या. "मले एकटीले कायले पाह्यजे?"

भाकरीचा मऊ पापुद्रा काढून शेतकरीदादांनी बाईंच्या हातावर ठेवला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मला माझा डबा एकट्याने उघडवेना.