तिनं मोठ्यानं वाचायचं सोडलं

सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ. मी सुपात शेंगा फोडत बसलो होतो आणि बायको उंबऱ्याजवळ उजेडाला पाय पसरून पुस्तक वाचत होती. मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यानंतर एका घरात चाळीसच्या वर वर्षं काढली, पोरं वाढवली, लग्नं लावली, पण तसं बसणं पुन्हा झालं नाही. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तसं का झालं नाही, ते आता लिहून ठेवतोय. माझी शाळा चौथीपर्यंतच, अक्षराकडं बघू नका.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सांगोल्याकडनं येऊन सोलापुरात गिरणीला लागलेला, साच्यावर. साचा म्हणजे गिरणीतला माग. बायको अक्कलकोटकडची. माहेरी कानडी बोलायचे, पण ती सातवीपर्यंत मराठी शिकलेली आणि वाचनालयातनं दर आठवड्याला एक कादंबरी आणायची. मला वाचता येत होतं, पण अडखळत. तिचं ऐकलं की माणसं समोर उभी राहायची.

त्या पुस्तकात एक न्हावी होता. खालच्या वस्तीतल्या माणसाची हजामत करायची नाही, असा गावाचा रिवाज. हा न्हावी एक दिवस भर चावडीपुढं तसल्या एका म्हाताऱ्याला बसवतो आणि त्याची दाढी करतो. गाव त्याची वस्तऱ्या-कात्रीची धोकटी फाडतं, त्याला धान्य द्यायचं बंद करतं. पण तो काही मागं सरत नाही. ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांना धार लागली.

"अवं, रडताय काय?"

"शेंगेचं कूस गेलं डोळ्यात."

"शेंगेला कूस असतंय व्हय?" ती हसली. मग पुस्तकात बोट घालून म्हणाली, "खरं सांगा, तुमी असता तर काय केलं असतं?"

"मी? मी त्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसलो असतो. म्हणलो असतो, आता माझी कर, त्याच वस्तऱ्यानं."

"लई मोठं बोलताय."

"मग? बघ की!"

तिचं तोंड फुललं. नवऱ्याचा अभिमान वाटला की बाईचं तोंड कसं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. रडताना आणि बढाई मारताना मला उद्याची सकाळ आठवलीसुद्धा नाही. खोटं सांगत नाही. तीच लाज जास्त वाटते.

गिरणीत काय चाललं होतं ते सांगतो. माग चालतो धोट्यावर, म्हणजे आडवा दोरा घेऊन इकडनं तिकडं पळणाऱ्या लाकडी तुकड्यावर. धोट्यात सुताची कांडी असते. ती संपली की नवी बसवायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून, श्वास ओढून दोरा बाहेर काढायचा. पाळी बदलली की तोच धोटा पुढच्या माणसाच्या तोंडाला. म्हणून बौद्ध वस्तीतल्या माणसांना साच्यावर घेत नसत. ती सगळी सुताच्या खात्यात. शिवाशिवीविरुद्धचा कायदा कधीच झालेला, पण खात्यात कायदा आमचा.

त्यातला एक माणूस, माझ्याहून वयानं मोठा, बघून बघून साचा शिकला होता. साच्यावर मजुरी बरी होती. माणसं कमी पडत होती, म्हणून जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, त्याला त्याच सुट्टीच्या रात्री एका पाळीपुरतं माझ्या साच्यांवर घालायचं ठरवलं. मला म्हणाला, "त्याच्यामागं धोटा तोंडाला तू लावणार. सकाळी तू 'चालतंय' म्हणलास की त्याची जागा पक्की. न्हायतर परत सुतात." मी मान डोलावली होती. घरी बोललो नव्हतो.

त्या सकाळी मी काय केलं, ते बायकोला दोन दिवसांनी नळावर कळलं. शेजारीण हसत हसत सांगत होती म्हणे, तुझ्या मालकानं त्याची खरी जिरवली. ती घरी आली, घागर ठेवली. पुस्तकाची चार पानं राहिली होती, ते तसंच परत करून आली. पुढं पुस्तकं आणायची, पण मनातल्या मनात वाचायची. एकदा न राहवून म्हणालो, "मला पण ऐकव की."

"तुमाला कशाला?" ती पान उलटत म्हणाली. "तुमी नुस्तं रडताय."

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. मी माफी कुणाचीच मागितली नाही, तिची नाही आणि त्या माणसाचीही नाही. आता दोघांपैकी कुणी नाही.

तर ती सकाळ. भोंगा झाला, मी खात्यात शिरलो. माझ्या साच्यांभोवती पाचसहा जण आधीच उभे. जॉबर कापडावरनं हात फिरवत होता. "कापड नंबर एक हाय. बोल, काय म्हणतोस?"

"कापड कशाला बघताय? धोटा बघा की!" एक जण म्हणाला.

"ह्यानं आज धोट्याचा मुका घेतला तर ह्याची बायको ह्याला जवळ घ्यायची न्हाय!" दुसरा. सगळे हसले. तंबाखू खाणाऱ्या, खोकून खोकून थुंकणाऱ्या माणसांचे धोटे मी रोज तोंडाला लावत होतो. ती माणसंही त्यात हसत होती.

रातपाळी करून तिथंच थांबलेल्या त्या माणसानं खिशातनं वाकवलेली बारीक तार काढली. मला म्हणाला, "दादा, मी तोंड लावलंच न्हाय. रातभर ह्या तारेनं दोरा काढलाय. येळ लागतो, पण जमतंय."

वयानं मोठा असून दादा म्हणाला. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. धोटा उचलला, कांडी काढून टाकली आणि खात्याच्या दाराशी नळ होता तिथं गेलो. राखेनं घासला. सावकाश धुतला, सगळ्यांना दिसावं म्हणून.

"कळलं," जॉबर त्याला म्हणाला. "जा बाबा सुतात."

"बरं," तो म्हणाला. तार खिशात घातली आणि गेला.

मी धोटा सदऱ्याला पुसला, नवी कांडी बसवली, भोकाला तोंड लावून दोरा ओढला आणि साचा चालू केला.